कोऱ्या बशीतले मृत्यू

१

त्या सकाळी मधू आगाशेच्या प्रयोगशाळेत हजारो जीव मरून पडले होते आणि नुसत्या डोळ्यांनी एकाचंही प्रेत दिसत नव्हतं.

"नीट बघ रे राजा," मधू म्हणाला.

मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. आधी मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग निळे ठिपके दिसले. डावीकडे निळे, उजवीकडे निळे, सगळे निळे.

"निळे म्हणजे मेलेले," मधूने सांगितलं. "जिवंत पेशी रंगाला आत येऊ देत नाही. मेली की तिचं दार उघडं पडतं नि रंग आत शिरतो."

"मग माझं इथे काय काम? मी काय पेशींचा पंचनामा करू?"

मी राजाराम कोठारे, राहणार बोरिवली. उभा जन्म विमा कंपनीसाठी जळकी दुकानं आणि गोदामं तपासण्यात गेला. आग लागली की लावली, एवढं मला ओळखता येतं. त्यापलीकडचं विज्ञान माझ्या डोक्यावरून जातं. मधू माझा शाळासोबती. तो डॉक्टर आगाशे झाला, अंधेरीला वर्सोव्याच्या रस्त्यावर त्याने ट्रस्टच्या पैशांतून ही प्रयोगशाळा काढली, तरी मला तो मधूच.

त्याने मला समजावलं ते असं. कांजूरमार्गला भांडी घासायच्या पावडरीचा एक कारखाना होता. तिथे पुडे भरणाऱ्या बायका खोकत होत्या. मालक म्हणे पावडर निर्दोष आहे, युनियन म्हणे विषारी आहे. शेवटी दोघांनी मधूवर निवाडा सोपवला. मधू देवनारच्या कत्तलखान्यातून बकऱ्यांची फुप्फुसं आणवायचा आणि खारट पाण्याने आतून धुऊन त्यांतल्या पेशी काढायचा. या पेशी म्हणजे फुप्फुसातल्या झाडूवाल्या. श्वासाबरोबर आलेली धूळ त्या गिळून टाकतात. काचेच्या एका बशीत पेशी आणि पावडर, दुसरीत नुसत्या पेशी. या दुसरीला ते कोरी बशी म्हणत. दुसऱ्या दिवशी कोऱ्या बशीतल्या जगल्या आणि पावडरीतल्या मेल्या, तर पावडर दोषी.

"आणि कोरीच मरतेय," मधू म्हणाला. "सगळंच मेलं तर मी पावडरीबद्दल काय बोलू, कपाळ? संक्रांतीपासून चाललंय. मी बशा लावल्या की जगतात. कमलने लावल्या की मरतात. आणि दोघांचे आकडे जुळल्याशिवाय निकाल धरता येत नाही. बकरी तीच, काच तीच, पाणी तेच. शनिवारी ट्रस्टची सभा आहे. तोवर तू कारण शोधलं नाहीस तर तिला काढण्यावाचून मला गत्यंतर नाही."

दारात काहीतरी हललं. तिशीच्या आतबाहेरची एक किडकिडीत मुलगी तिथे उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"काका, मी नाही हो मारलं त्यांना," ती मला म्हणाली. मी कोण हे तिला ठाऊकही नव्हतं. "माझ्या आईला दमा आहे. ही नोकरी गेली तर तिची इंजेक्शनं बंद होतील. मी असं कशाला करीन?"

मधूने मान फिरवली. "तूही नाही, मीही नाही. बशा तर आपण दोघंच लावतो ना, कमल?"

 

२

कमल ओक मालाडला राहत होती. बी.एस्सी. झालेली, पाच वर्षांची नोकरी, एकही खाडा नाही. मी तिला सगळी कृती सांगायला लावली. तिने ती शहाण्या मुलीने पाढे म्हणावेत तशी सांगितली. पेशी धुवायच्या, मोजायच्या, बशांत घालायच्या. बशा काचेच्या मोठ्या बरणीत ठेवायच्या. बरणीत एक मेणबत्ती लावायची आणि झाकण घट्ट बसवायचं. आतला प्राणवायू कमी झाला की मेणबत्ती आपोआप जाते, आणि मागे राहते ती हवा या पेशींना मानवते. मग बरणी रात्रभर उबदार कपाटात. तिची बरणी डावीकडे, डॉक्टरांची उजवीकडे.

"आणि संक्रांतीला काय झालं?" मी सहज विचारलं.

"आईला दम्याचा मोठा अटॅक आला. दवाखान्यात न्यावं लागलं." तिचे डोळे भरून आले, आणि मीच ओशाळून विषय बदलला. मला रडणाऱ्या मुलींची चौकशी जमत नाही. जळकी गोदामं बरी.

मागल्या अंगणात पुतळाबाई काचा धूत होती. वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली बाई, आवाज असा की गलबतावर ऐकू जावा. त्या दिवसांत कोळीवाड्यात बोंबील वाळत होते आणि वारा समुद्रावरून थेट प्रयोगशाळेत शिरत होता. मधू नाकाला अत्तराचा रुमाल लावून हिंडायचा. मला मात्र भूक लागत होती. आम्हा पाठारे प्रभूंना या वासाचं वावडं नाही.

"डाक्टर बोलतो, माज्या हाताच्या वासानं त्याची जनावरां मरतान," ती माझ्यावरच उखडली. "मना सांग, वास काय फक्त कमलच्याच बरनीत शिरतो? त्याच्या बरनीला काय नाक नाय?"

मुद्दा बिनतोड होता. मी म्हटलं, "साबण राहत असेल काचेला."

"साबन? बश्या सगल्या एकाच बालदीत धुतंय मी. जास्ती घासावी लागतं ती कमलची बरनी. कशी चिकट व्हते बघ, पिवली पिवली. डाक्टरची एका हातात साफ." तिने ओली बरणी माझ्या नाकासमोर धरली. ती आता लख्ख होती.

मी परत आत आलो तेव्हा तिसरा संशयित मला न शोधताच सापडला. पावडर कारखानदाराचा पुतण्या चंद्रप्रकाश मिठाईचा पुडा घेऊन बाहेरच्या खोलीत गणपतीच्या तसबिरीखाली बसला होता. कोरी बशी मरण्यात कुणाचा फायदा असेल तर याचा. जोवर ती मरत होती तोवर पावडरीवर बोट ठेवता येत नव्हतं.

"तुम्ही इथे बरेच येता वाटतं?" मी विचारलं.

"यायला लागतं ना साहेब. अंकल रोज विचारतात, रिझल्ट काय, रिझल्ट काय. इथे कोण काय बोलत नाय. आपला माल एकदम साफ आहे हां." त्याला घाम फुटला होता, आणि जानेवारीत मुंबईत घाम यायला काहीतरी कारण लागतं.

जाता जाता त्याने वळून विचारलं, "आणि समजा, ही टेस्ट कधी जमलीच नाय, तर केस आपोआप खतम ना?"

३

बुधवारी मी स्वतः कमलच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. नजर हलवायची नाही असं ठरवलं होतं. मधूही मागे हात बांधून उभा राहिला.

तिचे हात स्वच्छ होते, काम नेटकं होतं. पेशी मोजताना तिचे ओठ हलत होते. चंद्रप्रकाशला आम्ही त्या दिवशी फाटकातूनच परत लावलं. शेवटी तिने बशा बरणीत ठेवल्या, मेणबत्ती मधोमध उभी केली आणि काडी पेटवली. माझा जन्म आगीच्या चौकशीत गेलेला, त्यामुळे मी नेहमीच्या सवयीने वात बघितली. वात पांढरीशुभ्र होती. नवी मेणबत्ती असेल म्हणून मी सोडून दिलं.

झाकण बसलं. ज्योत लहान झाली, निळसर झाली, दोनदा उसळली आणि गेली. वात वाकून वितळलेल्या मेणात पडली आणि तिथेच रुतून बसली. मी कमलकडे पाहिलं तर तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते. बरणीही तिने मान फिरवूनच उचलली.

"घाबरतेस कशाला?" मी म्हटलं. "तू तर सगळं बरोबर केलंस."

तिने बरणी उबदार कपाटात डावीकडे ठेवली आणि कपाट लावून घेतलं.

गुरुवारी सकाळी मधूने कोरी बशी दोनदा तपासली. मग मला बोलावलं. ठिपके होते, पण निळे नव्हते. सगळ्या पेशी जिवंत. पावडरीच्या बशीत मात्र निम्म्याहून जास्त निळ्या.

"हे जमलं की मधू! मिळाला की तुझा निकाल!"

"एकदा जमून काय करू? कारखानदाराचा वकील विचारील, आदल्या सगळ्या खेपांना काय झालं होतं? आणि तुला कळतंय का याचा अर्थ?" तो कधी नव्हे एवढा थकलेला दिसला. "आपण बघत होतो म्हणून जगल्या. आपण नसतो तेव्हा मरतात. राजा, तिला वाचवायला म्हणून तू आलास आणि तिला फासावर लटकवलंस."

माझी मती गुंग झाली. म्हटलं, मुलीलाच विचारू. पण कमल आलीच नव्हती. पाच वर्षांत एक खाडा न करणारी मुलगी नेमकी आजच गायब होती.

४

ती दुपारी आली. रात्रभर जागी असावी. आईला बुधवारी रात्री पुन्हा जबर अटॅक आला होता, डॉक्टर घरी येऊन इंजेक्शन देऊन गेला होता. पेशी जगल्याची बातमी मी मोठ्या उत्साहाने सांगितली, तर ती ऐकून तिला आनंद झाल्यासारखं दिसलंच नाही. "हो का?" एवढंच म्हणाली आणि एकटीने बशा लावायला आत गेली. मधू बाहेर ट्रस्टींशी फोनवर होता. मी पुतळाबाईशी बोंबलाच्या भावाची घासाघीस करत होतो. मधल्या वेळात चंद्रप्रकाश येऊन आतल्या खोलीत डोकावून गेला, हे मला मागाहून कळलं.

शुक्रवारी सकाळी कोरी बशी पुन्हा निळी.

आता मला सांगा, माणसाने डोकं कुठे आपटावं? मी व्हरांड्यात बसून एकेकाला आठवू लागलो. चंद्रप्रकाश? त्याला आनंदाने धरला असता. पण मधूने सांगितलं की तो मध्ये आठवडाभर अहमदाबादला होता आणि त्या आठवड्यातही कमलच्या बशा मेल्याच. पुतळाबाई? ती सगळ्या बशा एकत्र धुणार, मग कुठली बशी कुणाच्या बरणीत जाईल हे तिला कसं कळणार? वास? तो दोन्ही बरण्यांना सारखा. उरली कमल. तिच्या नोकरीवर तिच्या आईचा श्वास टांगलेला. तीच स्वतःच्या हाताने स्वतःची वाट लावेल? यात काही अर्थच नव्हता. आगीच्या दाव्यात निदान आग कुणाच्या फायद्याची हे तरी कळतं.

शेवटी मी तेच केलं जे जळक्या दुकानात करायचो. कुणाचंही बोलणं न ऐकता वस्तू बघायला बसलो. कमलची बरणी अजून पुतळाबाईकडे गेली नव्हती. मी मेणबत्ती बाहेर काढली आणि उजेडात धरली.

वात मेणात रुतलेली होती. बुधवारी माझ्या डोळ्यांदेखत जशी रुतली होती, तशीच. ती पुन्हा पेटवायची तर नखाने उकरून वर काढावी लागली असती. तिला कुणी हात लावला नव्हता.

म्हणजे गुरुवारी मेणबत्ती लागलीच नव्हती. आणि बुधवारची पांढरीशुभ्र वात आठवून मी ताडकन उठलो. संक्रांतीपासून कामावर असलेली मेणबत्ती बुधवारपर्यंत कोरी कशी?

मी बरणीच्या आतून बोट फिरवलं. बोट चिकट झालं, पिवळट. बोंबलाच्या वासाची मला सवय होती, त्यामुळे त्याखाली दडलेला दुसरा वास मला आला. ओळखीचा वास. माझ्याही घरी रोज सकाळी तोच वास असतो.

"मधू," मी हाक मारली, "तुझ्या बाहेरच्या खोलीतल्या गणपतीपाशी काय काय असतं रे?"

५

मी काय ते मधूला सांगितलं नाही. आधी त्याला दोन बरण्या लावायला लावल्या. एकाच बकरीच्या पेशी, एकसारख्या बशा, हात दोन्हीला मधूचाच. एकीत मेणबत्ती. दुसरीत काय ते मी दिलं. तो मला वेड्यात काढत होता, पण त्याने केलं.

शनिवारी, सभेच्या आधी, तो डोळा लावून बसला. मेणबत्तीच्या बरणीत सगळ्या जिवंत होत्या. दुसरीत सगळ्या निळ्या.

मी कमलला आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. "कमल, ज्योत विझताना तुला बघवत नाही ना?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला विचारल्याचा पश्चात्ताप झाला. मग ती खाली बसली आणि बोलू लागली. संक्रांतीच्या सकाळी देवापुढचं निरंजन वाऱ्याने गेलं आणि त्याच क्षणी आतल्या खोलीत आईचा श्वास अडकला. "काका, आमच्याकडे दिवा विझला असं तोंडानेसुद्धा म्हणत नाहीत. आणि इथे रोज मी माझ्या हातांनी ती ज्योत कोंडायची. ती कशी लहान होते, कशी उसळते, तुम्ही पाहिलंत ना? आई अशीच करते हो. अगदी अशीच. मला नाही सहन झालं."

"म्हणून उदबत्ती?"

"उदबत्ती जळून संपायलाच असते. ती संपली तर अशुभ नाही. मला वाटलं, जळणं ते जळणं, बरणीतली हवा तशीच होईल. सकाळी काडी नि राख मी आधीच काढून टाकायचे. तुमच्या समोर लाज वाटली म्हणून मेणबत्ती लावली, आणि त्याच रात्री आई..." 

"पण कमल!" मधूचा आवाज चढला. "आपण इथे दिवसभर धूळ न् धूर तपासतो. काचेच्या बरणीत धूर कोंडायचा नाही हे तुला कळू नये?"

"उदबत्तीचा धूर हा धूर असतो, हे माझ्या मनातच नाही आलं, सर. ती देवाची असते ना."

मधूने तिला फाडून खाल्लं असतं तर मला आश्चर्य वाटलं नसतं. पण तो खिडकीकडे वळला. "मीही रोज बाहेर लावतो," तो पुटपुटला. "रोज. माझ्या तरी कुठे मनात आलं?"

मग त्याने घसा साफ केला. सभेला जाऊन तो सांगणार होता की पेशी मरत होत्या त्याचं कारण सापडलं, आणि ज्या खेपेला मेणबत्ती लागली त्या खेपेला पावडरीनेच पेशी मारल्या. पुढच्या दहा खेपा चंद्रप्रकाशच्या काकांसमोर करायच्या. "आणि कमल, सोमवारी वेळेवर ये. मेणबत्ती मी लावीन. बाकीचं तू कर."

तिची नोकरी राहिली. मी सुटकेचा श्वास सोडला आणि टोपी उचलली. तेवढ्यात कमलचा चेहरा पाहिला. तो एखाद्या भिंतीसारखा झाला होता.

"सर, त्या पेशी फुप्फुसातल्याच ना?" तिने विचारलं. "माणसालाही असतात?"

"असतात."

"घरी कोण आहे आईजवळ?" मी विचारलं, पण ती तोवर जिना उतरू लागली होती.

६

मी तिला फाटकापाशी गाठलं आणि मालाडची टॅक्सी केली. मी डॉक्टर नाही, बकरीच्या पेशींवरून माणसाचं निदान करता येत नाही, असं मीच बडबडत होतो. मधूही तेच म्हणाला असता. तिला ते ऐकू जात होतं असं वाटत नाही.

दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. गार वारा नको म्हणून आतल्या खोलीची खिडकी बंद, फटींत चिंध्या कोंबलेल्या. दार उघडताच माझा घसा खवखवला. कॉटच्या उशाशी एक छोटा देव्हारा होता आणि त्यापुढे पितळेच्या घरात उदबत्त्यांचा जुडगा जळत होता. शेजारची नंदा स्टुलावर बसली होती. एक जुडगा संपत आला की ती दुसरा लावत होती.

"खंड पडू दिला नाही गं कमल," ती अभिमानाने म्हणाली. "तू सांगितलंस तस्सं. चोवीस तास."

कमल सरळ खिडकीकडे गेली. चिंध्या ओढून काढल्या आणि दोन्ही दारं धाडकन उघडली. मग जळता जुडगा तसाच मुठीत घेऊन मोरीत नेला आणि नळाखाली धरला. तिचा तळवा भाजला असणार.

"अगं, हे काय? देवाचं आहे ते!" नंदा किंचाळली.

कॉटवर कमलची आई, पार्वतीबाई, उशांना टेकून बसल्या होत्या, मूठभर हाडं. बाहेरची हवा आत आली तशी त्यांनी तोंड उघडून ती घेतली. थोडं थांबून पुन्हा घेतली. छाती वाजत होती, पण खोकला आला नाही.

कमल त्यांच्या पायाशी बसली. "आई, तुला त्रास होत होता का गं या धुराचा?"

पार्वतीबाईंनी लेकीचा भाजलेला हात हातात घेतला.

"व्हायचा," त्या म्हणाल्या. "जीव गुदमरायचा. पण तू रात्ररात्र जागून लावायचीस. ती लावलीस की तुझ्या जिवाला स्वस्थ वाटायचं. म्हटलं, एवढं तरी लेकीसाठी सोसावं."